जेऊरची हिरवी रेषा

22 जानेवारी 1898 रोजी, भर दुपारी, करमाळा तालुक्यातल्या जेऊरला सूर्य जेमतेम दोन मिनिटे पूर्ण झाकला गेला. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला तिथे उपकरणे लावून तयार होते. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही जेऊरलाच होते, तर ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला. हेलियमच्या निमित्ताने विजयदुर्गाचे नाव आपण आजही घेतो; जेऊर मात्र विसरलो, आणि हा अन्याय आहे. सूर्याच्या प्रभामंडळातल्या हिरव्या रेषेची तरंगलांबी त्या ग्रहणात दुरुस्त झाली : 5317 नव्हे, 5303 अँगस्ट्रॉम.

रेषा 1869 पासून माहीत होती. ती कुणाची हे न कळल्याने ‘कोरोनियम’ नावाचे मूलद्रव्यच कल्पिले गेले. 1940 च्या आसपास ग्रोट्रियन आणि एडलेन यांनी कोडे सोडवले : ती तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची रेषा. म्हणजे तिथले तापमान दहा लाख अंशांच्या घरात. तरंगलांबी चुकीचीच राहिली असती, तर हा मेळ बसलाच नसता.

प्रभामंडळाच्या चुंबकीय क्षेत्राने मात्र फार वाट पाहायला लावली. चुंबकत्वाने वर्णरेषा दुभंगतात हे झीमानने 1896 मध्ये दाखवले, आणि हेलने 1908 मध्ये सौरडागांचे क्षेत्र मोजले. डागांत ते हजारो गॉस असते, प्रभामंडळात बहुधा मोजके गॉस. त्यात तिथल्या उष्णतेने रेषा आधीच रुंदावलेली. एका गॉसची खूण प्रकाशाच्या दहा हजारांत एक भाग, आणि तो प्रकाश सूर्यबिंबाच्या लाखांशाइतकाही नाही! तरंगलांबी वाढली की दुभंगणे अधिक ठळक होते, म्हणून शास्त्रज्ञ अवरक्तातल्या 10747 अँगस्ट्रॉमच्या रेषेकडे वळले. 2000 मध्ये लिन आणि सहकाऱ्यांना तिच्यातून क्षेत्र मोजता आले. 2024 मध्ये हवाईतल्या चार मीटरच्या इनोये दुर्बिणीने त्याचे नकाशे दिले.

ग्रहणांवर विसंबून हे काम होणारे नव्हते. 24 ऑक्टोबर 1995 ची खग्रास पट्टी ग्वाल्हेरच्या उत्तरेने, फतेहपूर सिक्रीवरून गेली. ग्वाल्हेरातल्या आमच्या दाना ओलीत ग्रहण खंडग्रासच राहिले, आणि सिक्रीलाही काळोख मिनिटभराचाच. आता भारताच्या आदित्य-एल1 यानावरचे व्हीईएलसी हे उपकरण आरशातल्या छिद्रातून सूर्यबिंबाचा प्रकाश सतत बाजूला काढते. त्यात 5303 ची हिरवी रेषा आहे, आणि चुंबकीय क्षेत्रासाठी 10747 ची रेषाही.

पुण्यातली नेगमवालांची महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा 1912 मध्ये बंद झाली. तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. त्याच कोडाईकनालच्या परंपरेतून उभ्या राहिलेल्या बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने व्हीईएलसी घडवले. शाळेत मुलांना विजयदुर्ग सांगाल, तेव्हा जेऊर आणि नेगमवालाही सांगा.