हार्ड डिस्कची वाटणी



एरवी मी हुमणी, लष्करी अळी नाहीतर कांद्यावरचा करपा यांविषयी लिहितो. आज विषय निराळा आहे, पण वाटणीचा आहे, तेव्हा तुम्हाला परका वाटू नये.

गेल्या हिवाळ्यात राहुरी तालुक्यातील एका वस्तीवर कांद्याची रोपवाटिका पाहण्यास गेलो होतो. रोपे पाहून झाली, ओसरीवर चहा आला, आणि घरच्या सूनबाईंनी विचारले, "साहेब, तुम्हाला कॉम्प्युटरमधलं काही कळतं का हो?" त्या घरच्या गाईंच्या दुधाचा, पेंडीचा, औषधपाण्याचा सगळा हिशेब संगणकावर ठेवतात. संगणक आठ-नऊ वर्षांचा. विंडोज १० ची मुदत संपल्याची सूचना पडद्यावर येत होती, आणि दुकानदाराने नवाच घ्या म्हणून सांगितले होते. धाकटा दीर कॉलेजात शिकतो. त्याचे म्हणणे, याच संगणकावर लिनक्स घालू, पैसा लागत नाही. सूनबाईंची शंका एकच होती. "वाटणीत माझं काही जाणार नाही ना?"

प्रश्न अगदी बरोबर होता. लिनक्स घालताना यंत्र बिघडत नाही. जाते ते आत साठवलेले.

आधी मुदतीचे सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० साठी मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबली. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही, पण कुंपण मोडले तर ते बांधायला आता कोणी येत नाही. विंडोज ११ ला नव्या बनावटीचा प्रोसेसर आणि टीपीएम नावाची सुरक्षेची सोय लागते. साधारण २०१८ पूर्वीची पुष्कळ यंत्रे त्यात बसत नाहीत. उताराला आलेला बैल नांगराला चालत नसला तरी कोळप्याला चालतो. तसे हे संगणक लिनक्सवर अजून काही वर्षे काम देतात. लिनक्सचा गाभा फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली प्रसिद्ध केला. आज त्याचे कितीतरी वाण आहेत. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेने बॉस नावाचे एक तयार केले आहे. नवशिक्याला मी लिनक्स मिंट सुचवतो, कारण त्याची मांडणी विंडोजसारखी असल्याने हात लवकर बसतो.

आता वाटणीकडे वळू. हार्ड डिस्क हा एक गट समजा. त्यात बांध घालून पाडलेले पोटहिस्से म्हणजे पार्टिशन. कोणता पोटहिस्सा कोठून कोठपर्यंत, याचा नकाशा डिस्कच्या सुरुवातीलाच लिहिलेला असतो. या नकाशाची जुनी पद्धत एमबीआर. तीत मुख्य पोटहिस्से चारच पडतात आणि दोन टेराबाइटच्या पुढची जमीन मोजता येत नाही. नवी पद्धत जीपीटी. तीत साधारणपणे १२८ पर्यंत हिस्से पडतात, शिवाय नकाशाची एक प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते. गावचा नकाशा फाटला तरी भूमी अभिलेख कार्यालयात प्रत असावी, तसे. तुमच्या संगणकात आधीच जी पद्धत असेल ती विंडोज ठेवायचे असल्यास बदलू नका. कोरी डिस्क असेल आणि यंत्र फार जुने नसेल तर जीपीटी घ्या.

बांध घातले म्हणजे शेती झाली असे नाही. त्या हिस्स्यात माल कसा लावायचा, कोणती वस्तू कोठे आहे याची नोंद कशी ठेवायची, या व्यवस्थेला फाइल सिस्टिम म्हणतात. विंडोजची एनटीएफएस, पेनड्राइव्हवर बहुधा एफएटी३२ किंवा एक्सफॅट, आणि लिनक्सची ईएक्सटी४. लिनक्ससाठी यांखेरीज बीटीआरएफएस आणि एक्सएफएस याही आहेत, आणि पोरे त्यांवरून वाद घालत बसतात.

तुमच्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे वीज जाणे. आपल्याकडे ती सांगून जात नाही. संगणक डिस्कवर लिहीत असताना वीज गेली, तर अर्धी नोंद झालेली आणि अर्धी राहिलेली, असा घोळ होऊ शकतो. यावर उपाय म्हणून जर्नल असते. जमिनीचा व्यवहार झाला की तलाठी भाऊसाहेब एकदम सातबाऱ्यावर खाडाखोड करत नाहीत. आधी गाव नमुना ६ मध्ये फेरफार नोंदतात, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात, मग सातबाऱ्यावर अंमल येतो. मध्येच काम थांबले तरी फेरफाराची वही पाहून पुढचे ठरवता येते. ईएक्सटी४ तेच करते. कोणत्या नोंदी बदलायच्या ते आधी जर्नलमध्ये लिहिते. वीज गेलीच, तर पुन्हा सुरू होताना ती वही वाचून पुरे झालेले फेरफार अमलात आणते आणि अर्धवट राहिलेले सोडून देते. जुन्या ईएक्सटी२ ला ही सोय नव्हती. ईएक्सटी३ बरोबर ती २००१ साली आली, आणि ईएक्सटी४ वापरण्यास पक्की झाली २००८ च्या डिसेंबरात. मात्र एक लक्षात ठेवा. या वहीमुळे दप्तर शाबूत राहते; तुम्ही न साठवलेली शेवटची ओळ ती वाचवत नाही.

म्हणून माझे मत सरळ आहे. नवशिक्याने लिनक्सच्या हिस्स्यासाठी ईएक्सटी४ घ्यावी आणि वाद घालणाऱ्यांना घालू द्यावा. बीटीआरएफएसमध्ये एखाद्या दिवसाची स्थिती जशीच्या तशी टिपून ठेवण्याची सोय चांगली आहे, फेडोराने २०२० पासून घरगुती संगणकासाठी तीच धरली आहे, पण ती शिकून घ्यावी लागते. एक्सएफएसचा बांध पुढे सरकतो, मागे घेता येत नाही. विंडोजच्या हिस्स्यातील एनटीएफएस आहे तशी राहू द्या. लिनक्सला ती वाचता आणि लिहिता येते. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर चार जीबीची किंवा त्याहून मोठी एक फाइल त्यावर मावत नाही. लग्नाचा व्हिडिओ नेताना माणसे येथेच अडतात. त्यासाठी एक्सफॅट करून घ्यावा.

हिस्से किती पाडावेत? आमच्या खात्यात आल्यापासून मी पाहतो आहे, भावाभावांत दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे होतात आणि औत वळवायला जागा उरत नाही. त्यासाठीच १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला. डिस्कचेही फार तुकडे करू नका. सूनबाईंची डिस्क ५०० जीबीची. संगणकाने ती ४६५ दाखवली. ही पोटखराब नव्हे. डिस्क बनवणारा हजाराने मोजतो, विंडोज १०२४ ने मोजते, एवढाच मापाचा फरक. विंडोजला त्यातले २०० ठेवले. उरलेल्या २६५ पैकी ५० मूळ हिस्स्याला दिले, ज्याची खूण नुसती तिरपी रेघ असते. त्यात लिनक्स स्वतः राहते. स्वॅपला ८. स्वॅप म्हणजे खळ्याशेजारची मोकळी जागा. रॅम भरली की माल तात्पुरता तेथे टाकतात. उरलेले सगळे, सुमारे २०७ जीबी, होम नावाच्या हिस्स्याला. होममध्ये तुमचे हिशेब, फोटो, पत्रे राहतात. तो वेगळा असला म्हणजे उद्या लिनक्स बिघडले किंवा नवे घालायचे झाले, तर मूळ हिस्सा नांगरून काढता येतो आणि होमला नांगर लागत नाही. फक्त त्या वेळी होमपुढील फॉरमॅटच्या चौकटीत खूण करायची नाही.

आणखी एक लहानसा हिस्सा आधीच असतो, ईएफआयचा, काहीशे एमबीचा. तो वेशीसारखा आहे. विंडोज आणि लिनक्स दोघेही त्यातून आत येतात. तो वापरायचा, पण पुसायचा नाही.

हे सांगणारा मी स्वतः किती शहाणा, तेही ऐका. काही वर्षांपूर्वी घरच्या संगणकावर रात्री लिनक्स घालत होतो. बाहेरची एक डिस्क लावलेली तशीच राहिली होती. पडद्यावर दोन नावे आली, एसडीए आणि एसडीबी. मी आकार न पाहता घाईने एक निवडले आणि सगळी डिस्क पुसून बसवण्याच्या पर्यायावर बोट ठेवले. ती बाहेरची डिस्क होती. तिच्यात बारा वर्षांचे प्रात्यक्षिक प्लॉटचे फोटो होते, आणि आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. त्या मी मोबाइलवर टिपून तिच्यावर ठेवल्या होत्या, आणि मोबाइल पुढे बदलला होता. आई तोवर गेली होती. चूक कळल्यावर तरी हात थांबायला हवा होता. नुसता नकाशा पुसला असेल तर टेस्टडिस्कसारख्या साधनाने जुने बांध पुष्कळदा सापडतात, पण त्या जागेवर नवे लिहिलेले नसावे लागते. मी बसवणे पुरे होऊ दिले होते. पुढे श्रीगोंद्याच्या मावसबहिणीच्या फोनमध्ये दोन ओव्या मिळाल्या. तेवढ्याच आहेत.

तेव्हा सूनबाईंच्या घरी मी पहिल्या दिवशी काहीच बसवू दिले नाही. हिशेब आणि फोटो एका पेनड्राइव्हवर घेतले, दुसरी प्रत दिराच्या लॅपटॉपवर घेतली, आणि दोन्ही उघडून पाहिल्या. उघडून पाहिल्याशिवाय प्रत घेतली असे म्हणू नये. विंडोजमध्ये बिटलॉकरचे कुलूप आहे का ते पाहिले. असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून मगच पुढे जावे. फास्ट स्टार्टअप बंद केले, कारण ते चालू असले की विंडोज पुरते बंद होत नाही, अर्धे झोपलेले राहते, आणि लिनक्सला त्या हिस्स्यात नीट लिहिता येत नाही. विंडोजचा हिस्सा विंडोजमधूनच, डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन, श्रिंक व्हॉल्यूमने कमी केला. मोकळी झालेली जागा मोकळीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टरची बॅटरी भरलेली आहे हे पाहून दीर बसला. मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहिले. डिस्कला हात न लावता ते चालते. वायफाय, प्रिंटर, मराठी टंकलेखन ठीक निघाले. मग बसवताना 'समथिंग एल्स' हा पर्याय घेतला, म्हणजे बांध आपल्या हाताने घालता येतात. प्रत्येक हिस्सा आकारावरून ओळखून मोठ्याने वाचायचा आणि सूनबाईंनी कागदावर ताडून पाहायचा, असे ठरवले होते. डिस्कला खरोखर बदल लागू करण्यापूर्वी यादी दाखवतात. ती तिघांनी वाचली. सारे काम तासाभराचे झाले.

थोडे पैसे खर्च करायचे असतील तर जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी टाका. यंत्र जेवढे त्याने चपळ होते तेवढे कशानेच होत नाही. आणि जुनी डिस्क फेकू नका, तीच कपाटात प्रत म्हणून राहील.

मार्चमध्ये कांदा काढणीच्या वेळी पुन्हा त्या वस्तीवर गेलो. सूनबाई संध्याकाळचे दूध नोंदवत होत्या, तोच वीज गेली. इन्व्हर्टर त्या दिवशी दुरुस्तीला गेलेला. अर्ध्या तासाने वीज आली, संगणक सुरू केला, दोन-चार ओळी पडद्यावर सरकल्या आणि हिशेबाची वही जागेवर उघडली. शेवटच्या गाईचे लिटर तेवढे गेले होते. ते त्यांनी पुन्हा टाकले आणि चहा ठेवायला उठल्या.