श्रीनगर ते लेह: विमानाला पाऊण तास, शरीराला दोन दिवस!

काश्मीर आणि लडाख एकाच सुट्टीत करायचा बेत आखताय? मग श्रीनगरहून लेहला जायला किती वेळ लागतो, हे आधी नीट समजून घ्या. तिकिटावर दिसणारा वेळ हा प्रवासाचा फक्त एक भाग आहे.

अंतर किती?
दोन्ही विमानतळांमधलं हवाई अंतर साधारण २५५ किलोमीटर आहे. रस्त्याने मात्र सोनमर्ग, झोजिला, द्रास, कारगिल असं करत सुमारे ४२० किलोमीटर होतात. बरेच प्रवासी कारगिलला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी लेह गाठतात. हिवाळ्यात बर्फामुळे झोजिला घाट बंद होऊ शकतो.

विमानाला किती वेळ?
थेट विमान पाऊण ते एक तासात पोहोचतं. ताशी ८०० किलोमीटरच्या हिशेबाने वीस मिनिटं पुरायला हवीत, असं वाटेल. पण धावपट्टीपर्यंत जाणं, उंची गाठणं आणि डोंगरांमधून जपून उतरणं हे सगळं त्या वेळेत धरलेलं असतं. थेट विमान नसेल तर दिल्लीमार्गे जावं लागतं आणि त्यात अर्धा दिवस सहज जातो.

विमानं सकाळीच का?
लेह विमानतळ ३,२५६ मीटर उंचीवर आहे. तिथे हवा विरळ असते. ऊन तापलं की ती आणखी विरळ होते आणि दुपारी वारेही सुटतात. म्हणून बहुतेक विमानं सकाळीच ये-जा करतात. हवामान बिघडलं तर ती रद्दही होतात. त्यामुळे परतीच्या दिवशी लगेच पुढची ट्रेन किंवा विमान ठरवू नका, एक दिवस हाताशी ठेवा.

खरा फरक उंचीचा
श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आहे, म्हणजे लेह त्याच्या दुप्पट उंच. रस्त्याने गेलात तर वाटेतल्या मुक्कामात शरीराला थोडी सवय होते. विमान मात्र तासाभराच्या आत तुम्हाला तिथे नेऊन सोडतं. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. त्यामुळे डोकेदुखी, मळमळ, थकवा, झोप न लागणं असे त्रास होऊ शकतात. रोज व्यायाम करणाऱ्या तरुणांनाही ते होतात.

हे लक्षात ठेवा
- पहिले दोन दिवस लेहमध्येच आराम करा. खारदुंग ला, पँगाँग नंतर.
- पाणी पीत राहा, हलकं जेवा, मद्य टाळा.
- आजी-आजोबा, लहान मुलं, गरोदर स्त्रिया किंवा हृदय-फुप्फुसाचा आजार असलेलं कुणी सोबत असेल, तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोला. उंचीसाठीच्या गोळ्याही त्यांच्या सल्ल्यानेच घ्या.
- बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल गेला किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला, तर थांबू नका. लगेच रुग्णालय गाठा.

तेव्हा लेहची सहल पाच दिवसांची असेल, तर फिरायला तीनच दिवस आहेत असं धरून चाला. पहिले दोन दिवस वाया गेले असं मानू नका. पुढचे तीन दिवस घरातल्या सगळ्यांना मजेत फिरता येईल ते त्यांच्यामुळेच.