मण्यारदंश : चेतातपासणीतील संज्ञा

मण्यार (शास्त्रीय नाव : बंगारस सेरुलियस) हा भारतातील अतिविषारी सापांपैकी एक असून त्याचे विष मुख्यतः चेतासंस्थेवर परिणाम करते. शालेय पुस्तकांतील 'चेतासंस्था' हीच मराठी विश्वकोशातील 'तंत्रिका तंत्र' होय. बुरोंडी (ता. दापोली, जि. रत्नागिरी) हे गाव ज्या कोकणपट्टीत आहे, तेथेही हा साप आढळतो. तो निशाचर असल्याने जमिनीवर झोपलेल्या व्यक्तीस रात्री दंश होण्याचा धोका अधिक असतो. दंशाच्या जागी वेदना व सूज अत्यल्प असते. पुष्कळदा खूणही दिसत नाही. पहाटे पोटदुखी किंवा उलटी सुरू झाली, तरी सर्पदंशाची शंका येत नाही. अशा वेळी निदानासाठी चेतातपासणी महत्त्वाची ठरते.

विषाची क्रिया

चेतातंतूच्या टोकाकडून स्नायूकडे 'ॲसिटिलकोलीन' या रसायनाद्वारे संदेश जातो. मण्यारीच्या विषातील काही घटक ही टोकेच निकामी करतात, तर काही घटक स्नायूवरील ग्राही अडवतात. त्यामुळे स्नायू शाबूत असूनही हालचाल थांबते.

तपासणीतील संज्ञा

वर्त्मपात : वरची पापणी खाली ढळणे. हे बहुधा प्रथम दिसणारे लक्षण होय. रुग्ण झोपाळलेला वाटतो.

द्विदृष्टी : नेत्रगोल फिरवणारे स्नायू दुबळे झाल्याने एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसणे.

मानेचे दौर्बल्य : उताण्या झोपलेल्या रुग्णास डोके उचलून धरता न येणे. यानंतर श्वसनाचे स्नायू दुबळे होण्याचा धोका असतो.

अंगघात : स्नायूंची हालचाल नष्ट होणे. पक्षाघातात शरीराची एक बाजू लुळी पडते. मण्यारदंशात मात्र दोन्ही बाजू बाधित होतात व दौर्बल्य डोळ्यांपासून खाली पसरत जाते.

प्रतिक्षिप्त क्रिया : गुडघ्याखाली हातोडीने ठोकले असता पाय आपोआप झटकणे. अंगघात वाढल्यावर ही क्रिया मंदावते किंवा लोपते.

मृत्यूचा आभास

अंगघात पूर्ण झाल्यावर रुग्ण डोळे उघडत नाही, हाकेला प्रतिसाद देत नाही आणि त्याच्या बाहुल्या प्रकाशातही विस्फारलेल्या राहू शकतात. हे चित्र मेंदूमृत्यूसारखे दिसते. तथापि असा रुग्ण आतून शुद्धीवर असू शकतो. भोवतालचे बोलणे त्यास ऐकू येत असते. म्हणून केवळ या लक्षणांवरून मेंदूमृत्यूचा निष्कर्ष काढणे किंवा कृत्रिम श्वसन थांबवणे घातक ठरते.

उपचार

नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषांवर चालणारे बहुगुणी प्रतिसर्पविष भारतात उपलब्ध आहे. ते शक्य तितक्या लवकर द्यावे लागते, कारण निकामी झालेली चेताटोके त्याने पूर्ववत होत नाहीत. ती पुन्हा वाढेपर्यंत, कधीकधी अनेक दिवस, कृत्रिम श्वसनावरच रुग्णाचे प्राण अवलंबून असतात. रायगड जिल्ह्यातील महाड येथील डॉ. हिम्मतराव बावस्कर व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ग्रामीण रुग्णांतील मण्यार व नागदंशाची लक्षणे आणि उपचार यांविषयी 2004 मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला.