चोवीस खिडक्यांमागचा मांडो

मडगाव स्टेशनवर उतरलेला मराठी प्रवासी बहुतेक वेळा कोलव्याच्या किनाऱ्याकडे वळतो. त्यानं एकदा तरी वाट बदलावी आणि जुन्या गावातल्या चर्चच्या चौकात यावं. तिथून बोर्ड्यापर्यंत पायी, मग बसनं किंवा गाडीनं लोटली आणि चांदर, आणि त्या गावांत पुन्हा पायी, अशी एक सुंदर फेरी होते. या फेरीत पाहायची ती सासष्टीतल्या जुन्या ख्रिस्ती घरांमधली नाचाची दालनं. घरची माणसं त्या दालनाला 'साल' म्हणतात. घरातली सर्वांत मोठी खोली हीच, आणि वर्षातून सर्वांत कमी वापरली जाणारीही हीच. लग्न, बाप्तिस्मा, गावच्या संताचं फेस्त एवढ्यापुरतीच ती उघडायची.

सुरुवात चर्चपासूनच करावी. होली स्पिरिट चर्चची आजची इमारत 1675 ची. त्याआधी, सोळाव्या शतकात, इथलं पहिलं चर्च उभं राहिलं ते दामोदराच्या देवळाच्या जागेवर. देव तेव्हा जांबावलीला गेला आणि आजही तिथंच आहे. चौकाभोवती बाल्कांवांची, म्हणजे दारापुढच्या ओसऱ्यांची, जुनी घरं आहेत. 21 सप्टेंबर 1890 रोजी नगरपालिकेच्या निवडणुकीवरून इथं गोळीबार झाला आणि माणसं मेली. त्या दिवसावर मांडो, म्हणजे नाचत गायचं कोंकणी गाणं, रचला गेला, आणि तो या घरांच्या सालींमध्ये गायला गेला. मांडो म्हटलं की विरह आणि प्रेम एवढंच आपल्याला ठाऊक असतं. पण ज्या दालनात लोक जमत, तिथं गावच्या जखमाही गाण्यात येत. ही दालनं केवळ शोभेची होती असं मानणाऱ्यानं हा चौक आधी पाहावा.

बोर्ड्याला सात बुर्जांचं घर आहे. व्हाइसरॉयचे सचिव सेबास्तियांव द सिल्वा यांनी ते 1790 च्या सुमारास बांधलं. उतरत्या छपरांच्या सात उंच शिखरांपैकी आता तीनच उरली आहेत. घर खासगी आहे, म्हणून रस्त्यावर उभं राहूनच पाहावं. पावसाचं पाणी झरझर खाली सोडणारी ती छपरं पाहिली की युरोपातून आलेली कल्पना इथल्या आषाढापुढे कशी वाकली ते कळतं.

सालीची बांधणी समजून घेण्याजोगी आहे. ती घराच्या दर्शनी बाजूला लांबलचक पसरलेली असते, म्हणून रस्त्यावरून खिडक्यांची रांग दिसते. इतक्या खिडक्या दिखाव्यासाठी होत्याच, पण बंद दालनात भरजरी कपडे घालून नाचणाऱ्या माणसांना वारा मिळावा यासाठीही होत्या. काचेऐवजी पूर्वी शिंपल्यांची पातळ तावदानं असत. त्यांतून ऊन गाळलं जाऊन, दुधी होऊन आत येई. खुर्च्या आणि कोच भिंतींना लागून मांडलेले, मधली जमीन मोकळी. समोरासमोर आरसे, वर मेणबत्त्यांची झुंबरं. एका झुंबराचा उजेड आरशांतून अनेक झुंबरांचा व्हायचा.

या मोकळ्या जागेत वॉल्ट्झही नाचला गेला असेल, पण तिची खरी कमाई मांडो आहे. एकोणिसाव्या शतकात कुडतरी, लोटली, राय, बाणावली या गावांत तो घडला. स्त्रिया एका रांगेत, पुरुष समोरच्या रांगेत. दोन्ही रांगा संथ पावलांनी जवळ येतात, बाजू बदलतात, पुन्हा दूर जातात. स्त्रियांच्या अंगावर तोरोप-बाजू, हातात पंखा. साथीला व्हायोलिन आणि घुमट. मडक्याच्या तोंडावर कातडं ताणलेलं आपल्या मातीचं वाद्य झुंबराखाली व्हायोलिनच्या शेजारी बसलं, हे मला या दालनांचं सर्वांत मोठं श्रेय वाटतं. मांडोनंतर जलद चालीची दुल्पदं सुरू होत आणि सभ्य पावलं मोकळी होत. घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं लागे. वन्यजीव कायद्यानं त्यावर बंदी आल्यावर बकऱ्याचं वापरू लागले. 2019 मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य घोषित केलं.

लोटलीचे तोर्कातु द फिगेरेदु (1876–1948) यांचा निरोपाचा मांडो आजही गोव्यात समारंभाच्या शेवटी गायला जातो. त्याच गावात व्यंगचित्रकार मारियो मिरांडांचं घर आहे. त्यांच्या चित्रांत दाटीवाटीनं भरलेले सोहळे पाहिलेल्या माणसाला लोटली परकी वाटत नाही.

सालीत 'देखणी' नावाचा गाण्यासह नाचही होई. घरातल्या मुली कलावंतिणीचा वेश करून नाचत. त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध देखणीत एक कलावंतीण दामूच्या लग्नाला निघाली आहे, आणि नदीपलीकडे नेण्यासाठी ती नावाड्याला अंगावरचे दागिने देऊ करते. 'बॉबी' (1973) चित्रपटातल्या 'ना मांगूं सोना चांदी'ची चाल इथूनच आली. देवळं गेली, धर्म बदलला, तरी देवळातल्या नर्तकीची आठवण ख्रिस्ती दिवाणखान्यात जपली गेली. गोव्याचा इतिहास एका वाक्यात सांगू पाहणाऱ्यांना ही देखणी अडवते.

चांदरला मात्र वेळ हाताशी ठेवून जावं. हे कदंबांचं चंद्रपूर, त्यांची जुनी राजधानी. फादर हेरास यांनी 1929 मध्ये इथं उत्खनन केलं, आणि जुन्या शिवमंदिराच्या जागेवर शीर नसलेला नंदी आजही आहे. चर्चजवळ मिनेझिस ब्रागांझा आणि ब्रागांझा परेरा या दोन शाखांचं एकच प्रचंड घर पसरलं आहे: दर्शनी बाजूला चोवीस खिडक्या, मध्ये जिना, डावी-उजवीकडे दोन कुटुंबं. पाहुण्यांना दोन्हीकडे आत घेतात, देणगी स्वीकारतात. परेरांच्या बाजूचं नाचाचं दालन म्हणजे या फेरीचा कळस. इटालियन संगमरवराची जमीन, स्फटिकांची झुंबरं, आणि पोर्तुगालचा राजा दों लुईश यानं दिलेल्या उंच पाठीच्या दोन खुर्च्या.

मला मात्र दुसऱ्या बाजूचं ग्रंथालय तितकंच महत्त्वाचं वाटतं. लुईश द मिनेझिस ब्रागांझा (1878–1938) इथले. 1900 मध्ये मेसियस गोम्स यांच्यासह त्यांनी 'ओ हेराल्दो' हे गोव्यातलं पहिलं पोर्तुगीज दैनिक काढलं, आणि 1930 मध्ये पणजीच्या कायदेमंडळात गोव्याच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. राजाच्या खुर्च्या आणि राजसत्तेला प्रश्न विचारणारा माणूस एकाच छपराखाली होते. वाटाड्यानं झुंबरांची किंमत सांगण्यात जो वेळ घालवायचा तो इथं घालवावा.

आता पैशाबद्दल, कारण ते वगळून ही दालनं समजत नाहीत. ती भाताच्या खंडावर आणि नारळाच्या बागांवर उभी होती. भाटकार, म्हणजे जमीनमालक, आत नाचे, त्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणारा मुंडकार बाहेर मशाल धरी, पाणी भरी, खुर्च्या हलवी. गोवा मुक्तीनंतर 1964 चा कूळ कायदा आणि 1975 चा मुंडकार संरक्षण कायदा आला, आणि कसणाऱ्याला व राहणाऱ्याला हक्क मिळाले. ते मिळायलाच हवे होते. पण छपराची कौलं बदलायला लागणारा पैसाही त्याबरोबर आटला. त्यात गोव्याच्या वारसा कायद्यानं सगळ्या मुलांना, मुलींनाही, वाटा मिळतो. न्याय्य आहे. मात्र एका घराचे वारस लिस्बन, लंडन, टोरांटो असे विखुरले की दुरुस्तीच्या कागदावर सह्या गोळा करणंच कठीण होतं. सालीच्या छतातून पाणी गळू लागतं ते बहुधा असं.

नाच तोवर घरांतून क्लबांत गेला होता. पणजीचा क्लुब वास्को द गामा 1909 चा. क्लुब नासिओनालचा लाल-काळा नाच कार्निव्हलच्या शेवटच्या दिवशी अजून होतो. मांडोही घर सोडून स्पर्धांच्या मंचावर आला आणि तिथं भाटकार-मुंडकार हा भेद राहिला नाही. ज्यांच्या आज्यांनी तो खिडकीबाहेरून ऐकला असेल, त्यांच्या नाती आज तोरोप-बाजू नेसून तो म्हणतात. हा बदल मला त्या चोवीस खिडक्यांइतकाच मोलाचा वाटतो, आणि म्हणून फेरीत घराच्या मागच्या दारीही, स्वयंपाकघर आणि विहिरीपाशी, थांबायला हवं.

जायचंच असेल तर कार्निव्हलच्या सोमवारी चांदरला जावं. त्या दिवशी कोट भागातले ख्रिस्ती पुरुष मुसळं जमिनीवर आपटत कदंबांच्या राजधानीचा मुसळ खेळ खेळतात. त्याला झुंबर लागत नाही, आरसे लागत नाहीत, पाहुण्याला आमंत्रणही लागत नाही.