मनगटावरचे भांडवल

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मयड्याची केळी, हळसांदे, सुकी मासळी किंवा मातीची मडकी घेताना जी घासाघीस होते, ती दोन जाणकारांमध्ये होते. विकणाऱ्या बाईला मालाची पारख असते, तशीच घेणाऱ्या गृहिणीलाही असते. दहा-वीस रुपये इकडचे तिकडे होतात. पण कोणी कोणास बुडवीत नाही. ज्या व्यवहारात एका पक्षाला सारे ठाऊक असते आणि दुसऱ्याला जवळजवळ काहीच ठाऊक नसते, त्याची गोष्ट मात्र निराळी. भारी किमतीचे परदेशी घड्याळ विकत घेणे आणि ते पुन्हा विकणे, हा अशा व्यवहाराचा ठळक नमुना होय.

अलीकडे हा विषय आपल्या कुटुंबांत दोन वाटांनी शिरू लागला आहे. आजोबांच्या पश्चात कपाट आवरताना एखादे जुने स्विस घड्याळ सापडते आणि ‘हल्ली याला लाखांनी भाव येतो’ असे कोणीतरी सांगते. दुसरी वाट तरुणांची आहे. नुकताच नोकरीला लागलेला मुलगा हप्त्यावर घड्याळ घेण्याचे मनात आणतो आणि आईवडिलांना समजावतो की, हा खर्च नव्हे, ही गुंतवणूक आहे. या दोन्ही घरांना उपयोगी पडावा असा थोडा इतिहास आणि थोडा हिशेब येथे मांडावयाचा आहे.

सरहद्दीने दिलेला नफा

घड्याळाच्या फेरविक्रीचा धडा घेण्यासाठी गोमंतकीयांना जिनीव्हापर्यंत जाण्याचे कारण नाही. तो आपल्या पेडणे-डिचोलीच्या वेशीवरच गिरवला गेला आहे.

१९५५ च्या सुमारास भारत सरकारने गोव्याची आर्थिक कोंडी अधिक आवळली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पत्रादेवीच्या सीमेवर सत्याग्रह्यांवर गोळीबार झाला. कॅसलरॉककडून येणारा रेल्वेमार्ग बंद पडला आणि मुंबईहून घरी येणाऱ्या पैशांची वाट अडली. कोंडीमुळे गोव्याची बाजारपेठ ओस पडेल असा अंदाज होता. घडले ते वेगळेच. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतील लोहखनिज जपान व युरोपकडे जाऊ लागले होते आणि त्यातून परकीय चलन येत होते. पोर्तुगीज राजवटीने आयातीचे दरवाजे मोकळे ठेवल्यामुळे पणजी, मडगाव, म्हापसा येथील दुकानांतून स्विस घड्याळे, फाउंटन पेने, कॅमेरे आणि विलायती मद्ये यांची रेलचेल झाली.

सरहद्दीच्या पलीकडे, बांदा-सावंतवाडीच्या बाजूला, परिस्थिती नेमकी उलट होती. परकीय चलनाच्या टंचाईमुळे भारतात घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. वस्तू एकच, अंतर काही कोसांचे, आणि किमतीत मात्र मोठी तफावत. अशा तफावतीतून चोरटा व्यापार जन्मास येतो. सोन्याच्या जोडीने घड्याळही या व्यापाराची लाडकी वस्तू ठरली, कारण घड्याळ लहान, हलके, न नासणारे आणि मनगटावर उघड मिरवता येणारे.

या व्यापारात काहींनी पैसा केला हे खरे. तो पैसा घड्याळातून मात्र आलेला नव्हता. तो दोन राजवटींमधील भिंतीतून आला होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ती भिंत कोसळली. काही काळ येथील दुकानांतील शिल्लक विदेशी माल घेण्यासाठी बाहेरून आलेल्यांची झुंबड उडाली. पुढे भारताचे आयातनियम येथेही लागू झाले आणि तो झरा आटला. ज्या कारणाने भाव चढला ते कारण गेले की भावही जातो. या व्यवसायातील हा पहिला नियम होय.

कायद्याच्या ओळीत सोने आणि घड्याळ

मुक्तीनंतर चोरट्या मालाची वाट किनाऱ्याकडे वळली. घड्याळाच्या तस्करीकडे सरकार किती गंभीरपणे पाहत होते, याची साक्ष १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात मिळते. त्यातील १२३ व्या कलमात सोन्याच्या बरोबरीने घड्याळांचा नावानिशी उल्लेख आहे. तस्करीचा माल असल्याच्या वाजवी समजुतीने अशी वस्तू जप्त झाली, तर ती तस्करीची नाही हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्याकडे ती सापडली त्याच्यावर, आणि कोणी मालकी सांगत असल्यास त्याच्यावरही, येऊन पडतो. एरवी आरोप सिद्ध करणे हे सरकारचे काम असते; येथे ते उलटले आहे. पावती नसलेले घड्याळ ‘स्वस्तात मिळते’ म्हणून घेणाऱ्याने हे कलम ध्यानात ठेवावे.

पुढे सत्तरीच्या दशकात आखाती देशांतील नोकऱ्या सुरू झाल्या. तारवटी आणि आखातातून येणारी मंडळी सेको, सिटिझन, रॅडो अशी घड्याळे आणू लागली. एक मेहुण्याला द्यावयाचे, एक विकून प्रवासखर्च भागवावयाचा, असा सर्रास हिशेब असे. हाही नफा पुन्हा सरहद्दीचाच होता. देशात निर्बंध होते तोवर तो टिकला. एप्रिल २००१ पर्यंत उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठले आणि ‘फॉरेनच्या घड्याळा’चे अप्रूप ओसरले. आज त्याच पेडणे तालुक्यात, मोपा येथे, जानेवारी २०२३ पासून विमाने उतरतात. जी वस्तू एके काळी रात्रीच्या अंधारात सीमा ओलांडत होती, तिची जाहिरात आता दिवसाढवळ्या झळकते.

भाव पडण्याची दोन उदाहरणे

स्विस घड्याळ म्हणजे अढळ संपत्ती, अशी एक समजूत आहे. ती खोटी ठरविणारी दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले १९६९ चे. त्या वर्षी २५ डिसेंबरला जपानच्या सेको कंपनीने स्फटिकाच्या स्पंदनावर चालणारे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. पुढील दीड दशकात ही घड्याळे इतकी स्वस्त झाली की, स्विस उद्योगाचे कंबरडे मोडले. १९७० च्या सुमारास त्या उद्योगात जवळजवळ ९० हजार माणसे होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास ती ३० हजारांच्या आसपास आली. किल्लीच्या घड्याळांना कोणी विचारीनासे झाले. पुढे ती पुन्हा प्रतिष्ठित झाली, परंतु वेळ सांगणारे साधन म्हणून नव्हे, तर कारागिरीचा नमुना आणि श्रीमंतीची खूण म्हणून. खुणेची किंमत लोकांच्या मनावर ठरते, आणि मन पालटते.

दुसरे उदाहरण ताजे आहे. टाळेबंदीच्या काळात जगभर अनेकांच्या हाती पैसा खेळत होता, व्याजाचे दर तळाला होते आणि आभासी चलनातून काहींना अचानक धन मिळाले होते. पातेक फिलिप कंपनीच्या ‘नॉटिलस’ या पोलादी घड्याळाचा ५७११ हा नमुना बंद होत असल्याची वार्ता २०२१ च्या आरंभी आली. दुकानातील किंमत ३५ हजार डॉलरांच्या आसपास. फेरविक्रीच्या बाजारात तोच नमुना २०२२ च्या आरंभी १ लाख ८० हजार डॉलरांच्या घरात गेला. मार्च २०२२ पासून अमेरिकेत व्याजदर चढू लागले, आभासी चलने गडगडली, आणि वर्षभरात तो १ लाखाच्या आसपास उतरला. ज्याने दुकानातून मूळ किमतीला घेतले होते तो तरीही नफ्यात राहिला. ज्याने शिखरावर, कर्ज काढून, ‘अजून चढेल’ म्हणून घेतले, त्याची निम्म्याच्या आसपास रक्कम बुडाली. घड्याळ तेच, पोलाद तेच, काटे तेच.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मूळ किमतीहून अधिक भाव मिळणारी घड्याळे म्हणजे रोलेक्स, पातेक फिलिप, ओदेमार पिगे अशा मोजक्या कंपन्यांचे काही मोजके नमुने. ते दुकानात सहजी मिळत नाहीत. जुन्या, मोठ्या गिऱ्हाइकांनाच प्रथम दिले जातात. जे घड्याळ दुकानदार आपण होऊन पुढे करतो, ते बहुधा बाहेर पडताच स्वस्त होणारे असते.

एका घड्याळाचा हिशेब

समजा, एखाद्याने ५ लाख रुपयांचे नवे घड्याळ अधिकृत दुकानातून घेतले. त्या रकमेत १८ टक्के दराने सुमारे ७६ हजार रुपये वस्तू व सेवा कर आहे. घरगुती विक्रेत्याला हा कर परत मिळत नाही. वर्षाने तो ते जुन्या घड्याळांच्या व्यापाऱ्याकडे नेतो. व्यापाऱ्याचा अंदाज असा की, हे आपल्याकडून ४ लाखांना जाईल. त्याला जागेचे भाडे, तपासणी, साफसफाई, हमी आणि अडकलेल्या भांडवलाचे व्याज सोसावयाचे आहे. तो सव्वातीन लाख देऊ करतो. त्याला लुटारू म्हणण्याचे कारण नाही. हाच त्याचा धंदा आहे.

मालकाचे पावणेदोन लाख गेले, म्हणजे ३५ टक्के. ही तूट भरून निघावयाची तर व्यापाऱ्याने देऊ केलेला भाव सव्वातीन लाखांवरून ५ लाखांवर गेला पाहिजे, म्हणजे सुमारे ५४ टक्क्यांनी वाढला पाहिजे. घड्याळ हप्त्यावर घेतले असेल तर व्याज निराळे. शिवाय यांत्रिक घड्याळास काही वर्षांनी साफसफाई व तेलपाणी लागतेच.

सोन्याशी तुलना करून पाहावी. दागिना मोडताना घडणावळ जाते हे खरे, पण त्या दिवसाचा सोन्याचा भाव सकाळच्या वर्तमानपत्रात छापलेला असतो आणि म्हापशातील कोणत्याही सराफाकडे त्याची चौकशी करता येते. घड्याळाचा असा छापील भाव नाही. आपल्या घड्याळाला गिऱ्हाईक मिळेल तेव्हाच त्याचा भाव कळतो.

जुन्या घड्याळाची पारख

कपाटातील घड्याळाचे मोल कशावर ठरते? प्रथम कंपनी व नमुना. त्यानंतर तबकडी, काटे, मशीन आणि घर मूळचेच आहे काय. बऱ्याच जणांना वाटते की, विकण्यापूर्वी तबकडी रंगवून आणि घर चकाकवून घेतल्यास भाव वाढेल. संग्राहकांच्या बाजारात उलट घडते. काळाने पिवळसर झालेल्या मूळ तबकडीला जे मोल आहे, ते नव्याने रंगविलेल्या तबकडीला नाही. निरनिराळ्या घड्याळांचे भाग जोडून, तबकडी भडक रंगवून विकल्या जाणाऱ्या मालाला जगभरच्या संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ असे उपहासाचे नाव पडले आहे, हे आपल्याला भूषणावह नाही.

मोल केवळ स्विस नावातच असते असेही नाही. गोवा मुक्त झाला त्याच १९६१ साली बंगळूर येथे एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळे बनविण्यास आरंभ केला. ‘जनता’ हे तिचे किल्लीचे घड्याळ कित्येक शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या मनगटावर आयुष्यभर चालले. २०१४ मध्ये हा कारखाना बंद होण्याची वार्ता पसरली आणि ज्या घड्याळांकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते त्यांचे भाव चढले. नफा झाला तो, ज्यांनी ती नफ्यासाठी घेतली नव्हती अशांना!

घरच्यांसाठी काही सूचना

विकण्याचा विचार असेल तर घड्याळ प्रथम जसेच्या तसे ठेवावे. एखाद्या जुन्या, विश्वासू घड्याळजीकडून ते आपल्या समोर उघडवून पाहावे. निदान तीन ठिकाणी भाव विचारावा. ‘आजच द्या, उद्या हा भाव राहणार नाही’ म्हणणाऱ्यास नम्रपणे नकार द्यावा. व्यवहार बँकेमार्फत करावा. २ लाख रुपये वा अधिक रोख स्वीकारण्यास २०१७ पासून कायद्याने मनाई आहे. नवे घेणाऱ्याने हेही जाणावे की, १० लाखांवरील मनगटी घड्याळांच्या विक्रीत एप्रिल २०२५ पासून १ टक्का कर विक्रेता आगाऊ गोळा करतो आणि त्याची नोंद आयकर खात्याकडे जाते. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार देश यांच्यात १० मार्च २०२४ रोजी झालेल्या करारान्वये स्विस घड्याळांवरील आयातशुल्क काही वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर आणण्याचे ठरले आहे. नवा माल स्वस्त झाला तर जुन्याचा भाव तेथेच राहील, अशी आशा करणे धाडसाचे होईल.

वारसाच्या घड्याळाबाबत आणखी एक गोष्ट. गोव्यात वारसाहक्काच्या कामी इन्व्हेंटार होतो, त्यात स्थावराबरोबर जंगम वस्तूंचीही नोंद व किंमत होते आणि वारसांना आपसांत बोली लावता येते. तेव्हा एका भावाने परस्पर घड्याळ विकून पैसे घेतले, तर रक्कम कितीही लहान असो, त्यातून उद्भवणारी कटुता मोठी असते. विकावयाचे ते सर्वांस सांगून विकावे. ठेवावयाचे तर ते कोणाकडे राहील हे एकत्र बसून ठरवावे.

अखेर, ज्या घरात असे घड्याळ आहे त्यांनी एक साधे काम आजच करून ठेवावे. ते कोणी, कोणत्या वर्षी, कोठून आणि कोणासाठी घेतले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहावे आणि डबीत घालावे. जुन्या दुकानाची रुपियांतील वा एस्कुदोतील पावती सापडली तर ती टाकू नये. मूळ कागद असलेल्या घड्याळास बाजारात अधिक भाव मिळतो. आणि ते कधीच विकले गेले नाही, तरी नातवाला त्या कागदावरून आपल्या पणजोबांची थोडी ओळख होईल.