आधी थांबणे, मग धावणे

जुन्या मोटारीविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आढळतात. घरातली वडील मंडळी म्हणतात, "विकून टाक, नुसती खर्चाची खाण आहे." कॉलेजातली मुले म्हणतात, "सर, फिल्टर बदला, सायलेन्सर बदला, मग बघा कशी पळते ती!" पहिल्या मतात फक्त पैशाचा विचार आहे, दुसऱ्यात फक्त आवाजाचा. गाडी नावाच्या यंत्राचा विचार दोन्हींत नाही. तो थोडासा करावा म्हणून हा लेख.

माझ्याजवळ २००१ सालची होंडा सिटी व्हीटेक आहे. दीड लिटरचे इंजिन, १०६ अश्वशक्ती आणि वजन एक टनाच्या आसपास. त्या काळी आपल्या देशात सामान्य माणसाला मिळू शकणाऱ्या चपळ गाड्यांत तिची गणना होई. गेली आठ वर्षे तिची बहुतेक कामे मी रविवारी घरच्या अंगणात करतो. जे घरी होत नाही, म्हणजे लेथचे काम किंवा वेल्डिंग, त्यासाठी उद्यमबाग आहेच. बेळगावात राहण्याचा हा एक मोठा फायदा.

प्रथम या इंजिनाचे वैशिष्ट्य पाहू. झडपा उघडण्याचे काम कॅमशाफ्टवरचे उंचवटे करतात. उंचवटा लहान असेल तर इंजिन संथ गतीला सुरळीत चालते, पण वरच्या फेऱ्यांत त्याला पुरेशी हवा मिळत नाही. उंचवटा मोठा असेल तर नेमके उलट होते. १९८९ साली जपानमधल्या होंडा इंटेग्रा गाडीत या पेचावर एक तोड प्रथम बाजारात आली. एकाच कॅमशाफ्टवर दोन्ही प्रकारचे उंचवटे ठेवायचे, आणि फेऱ्या वाढल्या की तेलाच्या दाबाने एक छोटी खीळ सरकवून झडपा मोठ्या उंचवट्याच्या ताब्यात द्यायच्या. हेच व्हीटेक. माझ्या गाडीत ही सोय इनलेट झडपांना आहे.

आता लक्षात घ्या, ही खीळ सरकते ती इंजिनातल्या वंगणतेलानेच. तेल कमी असेल, जळून गाळ झालेले असेल किंवा तेलाच्या वाटेवरची बारीक जाळी तुंबली असेल, तर खीळ सरकत नाही आणि वरची शक्ती मिळत नाही. अशा वेळी "गाडी म्हातारी झाली" असे म्हणून माणसे हजारो रुपयांचे सुटे भाग घेतात. तेल, तेलाचा फिल्टर आणि ती जाळी यांवर थोडक्या खर्चात भागण्यासारखे असते. झडपांमधली फटही अशीच. गाडी पूर्ण थंड असताना फीलर गेजने ती मोजून ०.२ मिलिमीटरच्या आसपास, पुस्तिकेत दिल्याप्रमाणे, लावून घ्यावी लागते. एका सकाळचे काम, पण इंजिनाचा सूर बदलतो.

म्हणून माझा पहिला नियम असा: सुधारणा करण्यापूर्वी गाडी मूळ स्थितीला आणावी. वीस वर्षांत मोटारीतले पोलाद फारसे म्हातारे होत नाही. म्हातारे होते ते रबर. टायमिंग बेल्ट किती किलोमीटर चालला एवढेच पाहून भागत नाही, तो किती वर्षांचा झाला हेही पाहावे लागते. या जातीच्या इंजिनांत तो चालू गाडीत तुटला तर पिस्टन उघड्या झडपांवर आदळतात आणि सगळे हेड उतरवण्याची पाळी येते. तो बदलताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बहुतेक इंजिने पुलीच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, हे मात्र उलट दिशेने फिरते. खुणा जुळवताना क्रँकशाफ्ट त्याच्याच दिशेने फिरवावा.

रेडिएटरच्या रबरी नळ्या, इंजिन माउंटिंग आणि सस्पेन्शनचे बुश यांनाही हाच न्याय लागू. पेट्रोलच्या नळ्यांचा प्रश्न तर अलीकडे अधिक महत्त्वाचा झाला आहे. २०२३ सालापासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले. ज्या काळात या गाड्या बनल्या त्या काळच्या रबराला एवढ्या इथेनॉलची सवय नाही. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नये. दर पावसाळ्याआधी नळ्या दाबून, वाकवून पाहाव्यात. चीर दिसली किंवा पेट्रोलचा वास आला की नळी त्याच दिवशी बदलावी.

दुसरा नियम शीर्षकातच आहे. दिवाळीच्या नि नाताळच्या सुट्टीत आपल्या कॉलेजातली मुले वडिलांची नाहीतर मामांची जुनी गाडी घेऊन चोर्ला घाटाने गोव्याला उतरतात. त्यांच्यासाठी एक गणित मांडतो. चार माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १३०० किलो समजू. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना तिच्यात सुमारे सव्वातीन लाख ज्यूल गतिज ऊर्जा असते. थांबताना ती सारी ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. येथून किनाऱ्यापर्यंत उतरताना ही गाडी जवळजवळ ९५ लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा गमावते, म्हणजे ताशी ८० वरून सुमारे तीस वेळा गाडी थांबवण्याइतकी! काही भाग हवेच्या रोधात आणि टायरांच्या घर्षणात जातो. उरलेला इंजिनाने शोषायचा की ब्रेकने, हे तुम्ही कोणत्या गिअरमध्ये उतरता यावर ठरते.

इथे ब्रेक ऑइलचा संबंध येतो. हे द्रव हवेतली आर्द्रता शोषते, आणि आपल्याकडचा पावसाळा तर प्रसिद्धच आहे. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी मात्र प्रमाणित मर्यादा १५५ अंशांची आहे. घाटात ब्रेक तापले आणि ऑइल उकळले की नळीत वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. पेडल थेट तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे हा यावरचा उपाय. एकाने पेडल दाबावे, दुसऱ्याने चाकाजवळचा ब्लीडर स्क्रू सोडावा व आवळावा. दोन माणसांचे तासाभराचे काम.

टायरही पाहावेत. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ याचा अर्थ २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शिल्लक असली तरी फार वर्षांचे रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडते.

एवढे झाल्यावर सुधारणांची गोष्ट. माझ्या मते क्रम असा असावा: चांगले टायर, चांगले ब्रेक पॅड, नवे शॉक ॲब्सॉर्बर, आणि सर्वांत शेवटी इंजिन. मुलांना आवडणारा उघडा एअर फिल्टर घ्या. तो तापलेल्या इंजिनाशेजारची हवा ओढतो. बाहेर ३५ अंश आणि बॉनेटखाली ६५ अंश असेल तर हवेची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी घटते. हवा कमी, म्हणून शक्तीही कमी. वाढतो तो फक्त आवाज. तसेच स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणे. वेटोळी कमी झाली की उरलेली स्प्रिंग अधिक ताठ होते, जुन्या शॉक ॲब्सॉर्बरशी तिचा मेळ बसत नाही, आणि खड्ड्यात चाक रस्ता सोडते.

कायदाही विसरू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या रचनेत मनमानी फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी तपासणी होते. बदललेली गाडी तिथे अडते.

घरी काम करणाऱ्यांना शेवटी दोन सूचना. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. खाली भक्कम स्टँड लावा, तेही सपाट आणि कठीण जमिनीवर. आणि नट अंदाजाने आवळू नका. माझ्या गाडीच्या चाकाच्या नटांना १०८ न्यूटन-मीटर एवढाच पीळ हवा, आणि तो टॉर्क रेंचनेच कळतो. काढलेले काळे तेल गटारात न ओतता डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्याकडे द्यावे.

या सगळ्यात पैसा वाचतो का, असे मला विचारले जाते. थोडा वाचतो. पण घाटाच्या माथ्यावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी घालताना पेडलखाली काय आहे हे ठाऊक असणे मला अधिक मोलाचे वाटते. पुढच्या सुट्टीत गोव्याला निघण्यापूर्वी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी पाहा. ते चहासारखे काळपट झाले असेल तर आधी ते बदला, मग निघा.