विषाची मात्रा पाणी ठरवतं

जहाजाच्या तळाला फासतात त्या लालसर रंगाचं कामच मुळी हळूहळू संपत जाण्याचं. त्यातले लाल कण क्युप्रस ऑक्साइडचे. हे तांब्याचं संयुग समुद्रात थोडंथोडं विरघळतं आणि बार्नेकल, कालवं, शेवाळ यांना तळावर बस्तान मांडू देत नाही. त्यांनी ते मांडलंच, तर तळ खरखरीत होतो आणि इंधनाचं बिल फुगतं.

पण तांबं किती सुटणार, हे डब्यावरच्या आकड्यावरून कळत नाही. गोड्या पाण्यात हे कण जवळपास ढिम्म असतात. त्यांना क्लोराइड लागतं. मिठातलं क्लोराइड तांब्याला चिकटून त्याला पाण्यात ओढतं. क्लोराइड निम्मं झालं, तर विरघळण्याचा वेग निम्म्याहूनही खाली येतो. पाणी तापलं किंवा त्याचा सामू उतरला, की तो वाढतो.

वापरलेल्या रंगाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखा असतो. वरचा पट्टा फिका आणि भोकाभोकांचा, कारण तिथले कण निघून गेलेले. त्याखाली अजून लालभडक रंग. जहाज धावत असेल, तर हा रिता पट्टा घासून निघतो. बंदरात पडून राहिलं, तर पट्टा जाड होतो, वर जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो आणि आतल्या तांब्याची वाट लांबते.

प्रयोगशाळेतल्या प्रमाणित चाचणीत मात्र रंगवलेलं नळकांडं कृत्रिम समुद्राच्या पाण्यात फिरवतात: २५ अंश तापमान, सामू ८ च्या आसपास, लिटरमागे ३३-३४ ग्रॅम क्षार. इतकं आज्ञाधारक पाणी कुठल्या बंदरात असतं? मांडवीचंच बघा. उन्हाळ्यात पणजीपाशी ती जवळपास समुद्राइतकी खारट असते आणि ऐन पावसाळ्यात तिचं वरचं पाणी गोडं व्हायला येतं. रंग तोच, पण जुलैत त्यातून सुटणारं तांबं मे महिन्याइतकं नसणार.

बाल्टिक समुद्रात तर बारमाही असंच. स्टॉकहोमजवळच्या पाण्यात लिटरमागे सहा-सात ग्रॅमच क्षार. स्वीडिश संशोधकांनी रंगवलेल्या पट्ट्या तिथे बुडवून ठेवल्या आणि त्यांतलं उरलेलं तांबं क्ष-किरणांनी मोजलं. कमी खारट पाण्यात तांबं कमी सुटलं, हे अपेक्षितच होतं. खरी गंमत पुढे आहे: तिथे कमी तांब्याचे रंगही पुरेसे ठरले, म्हणजे जास्तीचं तांबं समुद्रात विनाकारणच जात होतं. त्याहून उत्तरेला, बॉथनियाच्या आखातात, हौशी बोटींना विषारी रंग लावायला स्वीडनमध्ये परवानगीच नाही.